खांद्याला विचारून

लेकीच्या बाळंतपणासाठी मी चार महिन्यांकरता मेलबर्नला गेले आणि दीड वर्ष राहिले. परतीचं तिकीट एप्रिलचं होतं. मार्चमध्ये करोनामुळे विमानं बंद झाली, तिकीट रद्द झालं, व्हिसा वाढवून घ्यावा लागला. ग्लेन वेव्हर्ली उपनगरातल्या त्या विटांच्या घरात लेक, जावई, अडीच महिन्यांची नात आणि मी असे चौघं दिवसभर एकमेकांसमोर. जावयांचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलेलं. लेक एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, पण तेव्हा ती रजेवर होती.

अशा घरात बाळ झोपलं की सगळे श्वास धरून वावरतात. आणि नेमकं बाळ झोपलं की पलीकडून आवाज सुरू व्हायचा. टक्. जरा थांबून पुन्हा टक्. शेजारच्या गॅरेजची भिंत आमच्या कुंपणापलीकडे थोड्याच अंतरावर होती आणि बाळाच्या खोलीची खिडकी बरोबर तिच्यासमोर.

शेजारी एक वयस्कर चिनी जोडपं राहायचं. त्यांच्या घरामागे एका खोलीची वेगळी जागा होती. तिथे त्यांच्या नात्यातली एक मुलगी फेब्रुवारीपासून राहत होती.

"टेनिस खेळते म्हणे. प्रोफेशनल आहे," लेक म्हणाली. "जानेवारीतल्या मोठ्या स्पर्धेला आली होती. मग फ्लाइटच मिळेना तिला."

तीन दिवस मी ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी मास्क लावून शेजारच्या दारासमोर जाऊन उभी राहिले. खरं सांगायचं तर गरजेपेक्षा जास्तच लांब उभी राहिले. आमच्या पुण्याच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर त्या दिवसांत चीनबद्दल काय काय येत होतं आणि त्यातलं थोडं माझ्याही डोक्यात शिरलं होतं.

ती रॅकेट हातात घेऊनच बाहेर आली. उंच, सडसडीत, सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. मी हातवारे करत म्हणाले, "बेबी. स्लीप. यू, टक टक टक."

तिचा चेहरा पडला. "सॉरी, सॉरी," म्हणत ती इतकी खाली वाकली की मलाच कसंसं झालं.

दुसऱ्या दिवसापासून आवाज बंद. आठवडाभर घर शांत. मग एका सकाळी कपडे वाळत घालताना कुंपणाच्या फळ्यांमधून मला ती दिसली. ती बॉलशिवाय खेळत होती. भिंतीसमोर पाय नाचवत, वळत, रॅकेट फिरवत होती, आणि पुढचा बॉल येईल तिकडे धावत होती. बॉल नव्हताच.

मी एकतीस वर्षं पुण्यातल्या एका मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवली, खो-खोचा संघ सांभाळला. ग्राउंड मिळत नाही म्हणून गच्चीवर सराव करणाऱ्या पोरी मी पाहिल्या आहेत. त्यांच्यासाठी मुख्याध्यापिकांशी भांडलेही आहे. आणि इथे एका खेळाडूचा सराव मीच बंद पाडला होता. मला काही ते सहन होईना.

शिक्षकाला सुचतं तेच मला सुचलं. कागदावर रेघा आखून मी वेळापत्रक केलं. बाळ दहा ते साडेअकरा झोपतं, दुपारी दोन ते चार झोपतं, बाकी वेळ मोकळी. लेकीकडून त्यावर इंग्रजीत लिहून घेतलं आणि कुंपणावरून तिच्या हातात दिलं. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं, नीट वाचलं आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "यू, टीचर?"

"येस. स्पोर्ट्स टीचर. माझ्या मुली मला बाई म्हणतात. बाई."

ती गोंधळली आणि मग तोंडावर हात ठेवून हसायला लागली. फोनमध्ये काहीतरी टाइप करून तिने मला दाखवलं. तिच्या भाषेत 'बाई' असा उच्चार जोर देऊन केला की त्याचा अर्थ होतो पराभव. रोज सकाळी कुंपणाशी उभं राहून पराभवाला हाक मारणं तिला परवडणारं नव्हतं. मग तिने स्वतःच ठरवलं, "लाओशी." म्हणजे शिक्षिका. मी म्हटलं चालेल.

पुढचं तिचं बोलणं मी मराठीत लिहिते आहे. प्रत्यक्षात ते तिच्या मोडक्या इंग्रजीत, माझ्या त्याहून मोडक्या इंग्रजीत आणि फोनमधल्या भाषांतरातून झालं. एकेका वाक्याला पाच-पाच मिनिटं लागायची. वेळ दोघींकडे भरपूर होता.

तिचे वडील बस चालवायचे, आई सूतगिरणीत. ती सात वर्षांची असताना त्यांच्या प्रांतातल्या क्रीडाशाळेचा माणूस वर्गात आला. त्याने सगळ्या मुलांना उड्या मारायला लावल्या, हाताच्या बोटांची लांबी मोजली, आईवडिलांची उंची विचारली. महिनाभराने ती घरापासून चार तासांवरच्या वसतिगृहात होती, एका खोलीत सहा मुली. टेनिसची रॅकेट तिने तोपर्यंत पाहिलीही नव्हती. पहिले काही महिने ती बाथरूमचा नळ सोडून रडायची, म्हणजे कुणाला ऐकू जाऊ नये. बाराव्या वर्षी कोच तिच्याकडून रोज दोनशे सर्व्हिस मारून घ्यायचे. एकही कमी चालायची नाही.

"राग नाही येत त्यांचा?" मी विचारलं.

"नाही. माझी सर्व्हिस चांगली आहे," ती म्हणाली.

अठराव्या वर्षापासून ती देशोदेशीच्या छोट्या स्पर्धा खेळत होती. एकोणिसाव्या वर्षी एक आठवडा पुण्यातही आली होती. हे ऐकून मी कपड्यांची बादलीच खाली ठेवली. ती दुसऱ्या फेरीत हरली होती. पुण्याचं तिला एवढंच आठवत होतं, की डास फार होते आणि हॉटेलात सकाळी पिवळा, चपटा भात मिळायचा, तो तिला फार आवडला होता.

"पोहे!" मी ओरडलेच. तिने सांगितलेलं मैदान माझ्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर होतं. आयुष्यभर खेळाची शिक्षिका म्हणून मिरवले, पण तिथे सामना पाहायला कधी गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी तिला डबाभर पोहे दिले. रिकामा डबा तिने धुऊन, आत मँडरिन संत्री ठेवून परत केला.

चोविसाव्या वर्षी ती क्रमवारीत स्वतःच्या सगळ्यांत वरच्या जागी पोचली होती. मोठ्या स्पर्धांच्या पात्रता फेरीत ती तीनदा शेवटच्या सामन्यापर्यंत गेली आणि तिन्ही वेळा तिथेच हरली. मुख्य फेरीत ती कधी खेळलीच नाही. मग खांद्याचं ऑपरेशन झालं आणि क्रमवारीत घसरत गेली. आता तिचे जुने कोच व्हिडिओ कॉलवर सांगत होते, परत ये, क्रीडाशाळेत लहान मुलींना शिकव. पक्की नोकरी होती, राहायला घरही मिळणार होतं.

जुलैत मेलबर्न पुन्हा बंद झालं आणि ऑगस्टमध्ये फारच कडक. कोर्टं बंद, घराबाहेर दिवसाला एक तास, तोही पाच किलोमीटरच्या आत, सोबत एकच माणूस. लेकीला आणि जावयांना बाळातून सवड नव्हती. म्हणून मी माझा तास तिला दिला. समोरच्या रस्त्याच्या टोकाला फूटीचं, म्हणजे तिथल्या फुटबॉलचं, मोठं लंबगोल मैदान होतं. टेनिस मला येत नाही, त्यामुळे मी तिला खो-खोतलं येतं ते दिलं. उकिडवं बसायचं, मी मागून "खो!" म्हटलं की सुटायचं, झाडाला वळसा, परत येऊन पुन्हा बसायचं. ती धापा टाकत हसायची. म्हणायची, क्रीडाशाळेतसुद्धा असं कुणी पळवलं नव्हतं.

एका सकाळी कुत्रा फिरवणाऱ्या माणसाने लांबून तिच्याकडे बघत ओरडून सांगितलं, तुमचा व्हायरस घेऊन घरी जा. ती जागच्या जागी थिजली आणि खाली बघायला लागली. मला इंग्रजी सुचेना. मग माझा ग्राउंडवरचा आवाज बाहेर पडला, शुद्ध मराठीत. "ए, तोंड सांभाळ! लाज नाही वाटत पोरीला बोलायला?" माणसाला शब्द कळले नाहीत, पण आवाज कळला. तो निघून गेला.

"काय म्हणालात त्याला?" तिने विचारलं.

"म्हटलं, ग्राउंडला दहा फेऱ्या मार."

त्याच सुमारास भारत-चीन सीमेवरच्या चकमकीवरून आमच्या ग्रुपवर पुन्हा उधाण आलं होतं. मी तिच्यासोबतचा मैदानावरचा फोटो टाकला, तर एका मैत्रिणीने लिहिलं, तुला दुसरं कुणी मिळालं नाही का? उत्तर लिहायला घेतलं, खोडलं आणि ग्रुप सोडला. त्या मैत्रिणीशी आता बोलणं आहे, पण त्या विषयावर नाही.

आठवड्यातून दोनदा ती मैदानाच्या जाळीवर सर्व्हिस मारायची. मी एक गोष्ट पाहिली. बाकी फटके मारताना ती मोकळा श्वास घ्यायची, सर्व्हिसच्या आधी मात्र रोखून धरायची. दुखणारा दात असलेलं माणूस थंड पाणी पिण्याआधी थांबतं, तसं. मला कळलं, पण मी बोलले नाही. आणि नेमकं तेव्हाच तिने विचारलं, "लाओशी, मी आता खेळणं सोडू का?"

मी विषय टाळून जाळीखालचे बॉल गोळा करायला लागले.

त्याचं कारण जुनं होतं. माझ्या संघाची एक कॅप्टन होती, माझ्या सगळ्या वर्षांतली सगळ्यांत चपळ मुलगी. राज्य पातळीवरच्या अंतिम सामन्याच्या दोन दिवस आधी तिचा गुडघा सुजला. मी क्रेप बँडेज बांधलं आणि म्हटलं, "एवढा एक सामना काढ." तिने काढला. आम्ही जिंकलो. त्यानंतर ती पुन्हा कधी मैदानात उतरू शकली नाही. ढाल मुख्याध्यापिकांच्या खोलीत लागली आणि मी तिच्याबद्दल कुणाशी बोलले नाही, तिच्याशीही नाही.

त्या दुपारी मी जुन्या विद्यार्थिनींकडून त्या कॅप्टनचा नंबर मिळवला आणि पुण्याला फोन लावला. ती आता बँकेत आहे, मुलगा कॉलेजात. मी उगाच तब्येत वगैरे विचारत राहिले. मग एकदम म्हणाले, "तुझ्या गुडघ्याचं माझ्यामुळे झालं."

ती म्हणाली, "बाई, मला खेळायचंच होतं. तुम्ही नको म्हणाला असता तरी मी उतरले असते."

"तरीसुद्धा..."

"तरीसुद्धा, तुम्ही विचारलं असतं ना, किती दुखतंय म्हणून, तर बरं वाटलं असतं. कुणीच विचारलं नाही हो."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ मागच्या पायरीवर बसून राहिले. लेकीने चहा आणून दिला.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मी शेजारच्या मुलीला विचारलं, "खांदा दुखतो?"

"नो."

"हे बघ, मी तुझी कोच नाही. मी कुणाला काही कळवणार नाही. तुला संघातून काढणार नाही. किती दुखतो, एवढंच सांग."

फोनने तिला ते तिच्या भाषेत वाचून दाखवलं. तिने फोन घेतला, काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. भाषांतर आलं, 'दोन वर्षं. रोज. रात्री त्या कुशीवर झोपत नाही.' कोचना सांगितलं असतं तर त्यांनी तिला त्याच दिवशी शिकवायच्या कामाला लावलं असतं, म्हणून तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

लेकीने तिला तपासलं तो प्रकार बघण्यासारखा होता. एकमेकांच्या घरी जायला बंदी. म्हणून कुंपणाच्या या बाजूला लेक, त्या बाजूला ती, आणि मध्ये व्हिडिओ कॉल. "हात वर घे. आता मागे. इथे दुखतं का? नाही, फोन जरा खाली धर." पुढे स्कॅनही झालं. लेक मला स्वयंपाकघरात म्हणाली, "आई, काही फाटलेलं नाहीये. टेंडन चिडलाय, बस. ऑपरेशननंतर पाच महिन्यांत हिला कोर्टवर उतरवलं! खांद्याला वेळच मिळाला नाही. बारा आठवडे सर्व्हिस बंद. रबर बँडचे व्यायाम रोज. मग बघू."

एरवी तिला बारा आठवडे कुणी दिले असते? स्पर्धा सुरू असत्या तर ती तिसऱ्या आठवड्यात विमानात बसली असती. पण आता सगळंच बंद होतं.

म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. लवकरच युरोपात स्पर्धा सुरू झाल्या. तिच्या बरोबरीच्या मुली फोनवर लाल मातीत खेळताना दिसायला लागल्या. ती व्यायाम करायची, पळायची, पण डोळे विझलेले. एका दुपारी, बाळाच्या झोपेच्या वेळी, भिंतीवर जोराचा आवाज झाला. मग दुसरा. हा नेहमीचा टक् नव्हता, सर्व्हिसचा होता. बाळ रडत उठलं. बाळाला पुन्हा निजवून मी कुंपणाशी गेले तेव्हा ती खाली बसली होती आणि खांदा धरून रडत होती. चाळीस मारल्या होत्या.

मी ओरडले नाही. विचारलं, "किती?"

"दहापैकी आठ," ती म्हणाली.

तीन आठवडे फुकट गेले. लेकीने तक्ता पुन्हा पहिल्यापासून लिहिला. पण त्या दिवसानंतर ती मला रोज सकाळी न विचारताच आकडा सांगायला लागली. सहा. पाच. पाच. चार. एकदा दोन सांगून लगेच म्हणाली, "खोटं. तीन."

ऑक्टोबरच्या मध्यावर टेनिस कोर्टं उघडली. सर्व्हिसला हात लावायला तिला नोव्हेंबरचा शेवट उजाडला. पहिल्या दिवशी वीस, त्याही अर्ध्या जोराने. लेक बाळाला बाबागाडीत घालून आली होती. दहाव्या सर्व्हिसनंतर ती थांबली आणि खांद्याकडे असं बघायला लागली जसं नाव घेऊन हाक मारणाऱ्या अनोळखी माणसाकडे बघावं.

"झीरो," ती म्हणाली. "लाओशी, झीरो."

मेलबर्नच्या मोठ्या स्पर्धेची पात्रता फेरी त्या वर्षी करोनाच्या नियमांमुळे जानेवारीत आखातात होती. ती गेली. दोन सामने जिंकली आणि तिसरा, शेवटचा, पुन्हा हरली. मी फोनकडे बघायचंच टाळलं. पण कुणी माघार घेतली तर जागा भरायला म्हणून काही हरलेल्या मुलींनाही मेलबर्नला आणणार होते, त्यात ती होती. तिच्या विमानात कुणीतरी पॉझिटिव्ह निघालं आणि चौदा दिवस तिला हॉटेलच्या खोलीबाहेर पाऊल टाकता आलं नाही. खिडकीही उघडत नव्हती. तिने गादी भिंतीला उभी करून त्यावर बॉल मारले. मी रोज फोनवरून तिला उठाबशा काढायला लावायचे. जावई म्हणायचे, "आई, तुम्ही आता रिमोट वर्क करताय."

स्पर्धेच्या दोन दिवस आधी एका खेळाडूने माघार घेतली आणि तिचं नाव मुख्य फेरीत आलं.

लेक आणि मी गेलो. कडेचं लहान कोर्ट, माणसं थोडी, सगळे मास्कमध्ये. पहिला सेट तिने पटकन गमावला, हात-पाय आखडलेले दिसत होते. दुसरा घेतला. तिसऱ्यात पाच-पाचपर्यंत गेली. मी बॉल बघतच नव्हते, तिचा श्वास बघत होते. दोन तासांत एकदाही सर्व्हिसआधी तो रोखला गेला नाही. तो सेट सात-पाचने गेला, आणि सामनाही. ती कठड्यापाशी आली, चेहरा घामाने आणि रडण्याने भिजलेला.

"हरले," ती म्हणाली, आणि हसली. "पण आज मी हरले. खांदा नाही."

हरलेल्या खेळाडूंसाठी तिथेच पुढच्या आठवड्यात एक छोटी स्पर्धा ठेवली होती. त्या स्पर्धेचीही तिकिटं काढली होती आम्ही. पण शहर पुन्हा पाच दिवस बंद झालं, प्रेक्षकांना मनाई. मग जेवणाच्या टेबलावर, जावयांच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर, आम्ही रिकाम्या खुर्च्यांमधले सामने पाहिले. ती ओळीने तीन जिंकली. टाळ्या वाजवायला तिथे कुणी नव्हतं, म्हणून आम्ही इथे वाजवल्या. चौथ्यात एका नामवंत मुलीने तिला सहज हरवलं. पण क्रमवारीत ती ऑपरेशनच्या आधीच्या जागेच्या जवळ आली होती. त्या संध्याकाळी तिने कोचना फोन करून सांगितलं की शिकवायला येईन, पण इतक्यात नाही.

मार्चमध्ये ती युरोपला निघाली. माझं विमान मिळायला आणखी वेळ लागला.

पुण्याला परतल्यावर तिचा फोन आला तेव्हा माझी दुपार होती आणि तिची सकाळ. मागे लाल माती दिसत होती, कुणीतरी कोर्टवर पाणी मारत होतं. कालची मॅच हरले, ती म्हणाली, पण आज डबल्स आहे. खांदा एक, कधी शून्य. तिथलं जेवण वाईट आहे. जोडीदार मुलगी सर्बियाची आहे आणि फार बडबडते. मी काहीतरी विचारणार होते, तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली.

"लाओशी, सरावाला कोर्ट मिळालं. जाते," म्हणत ती धावतच निघाली. फोन हातातच होता, त्यामुळे थोडा वेळ मला आकाश, झाडं आणि तिचे बूट दिसत राहिले.